मीटरवरचं शून्य: घरी ईव्ही चार्जर बसवण्याच्या एका कामाची पूर्ण हकीकत

फोन आला तो वासाबद्दल. "दादा, गाडी चार्जिंगला लावली की तासाभराने पार्किंगमध्ये जळकट वास येतो. गाडीत काही बिघाड नसेल ना?" गाडी घेऊन नऊ दिवस झाले होते. नऊ दिवसांच्या गाडीचं काय बिघडणार? मी विचारलं, प्लगला हात लावून पाहिलात का. पलीकडे थोडी शांतता. मग, "हो, चटका बसतो."

म्हटलं, मेन बंद करून प्लग काढा आणि मी येईपर्यंत लावू नका.

घर दोन मजली, स्वतंत्र. वीज सिंगल फेज, मंजूर भार ९ किलोवॅट, मेन एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, ४० अँपिअरचा. गाडी फोन करणाऱ्या काकांच्या मुलीची, तिचं जाणं-येणं रोज साधारण ४५ किलोमीटर. चार्जिंग चालू होतं गाडीसोबत मिळालेल्या पोर्टेबल चार्जरवर, म्हणजे मध्ये एक डबा असलेली लांब केबल, एका टोकाला घरगुती प्लग आणि दुसऱ्याला गाडीचा कनेक्टर. तो लावला होता पार्किंगमधल्या पंपाच्या पॉइंटवरून पुढे ओढलेल्या १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये. भिंतीवर लावायचा ७.४ किलोवॅटचा चार्जर हॉलमध्ये खोक्यात येऊन पडला होता. काकांची अपेक्षा एवढीच की मी तो भिंतीवर टांगावा, वायर जोडावी आणि चहा घेऊन निघावं.

प्लग पाहिला. फेजची पिन स्वच्छ होती. न्यूट्रलची पिन चॉकलेटी पडलेली, आणि सॉकेटच्या त्या भोकाभोवतीचं प्लास्टिक पापडासारखं फुगलेलं.

असं का होतं, हे काकांना समजावायला मी सोल्डरिंग आयर्नचं उदाहरण दिलं. लहान कामाचं आयर्न १५ ते २५ वॅटचं असतं आणि त्यावर कथील वितळतं. हा पोर्टेबल चार्जर १३ अँपिअर ओढतो. सॉकेटची पकड ढिली पडून तिथे नुसता ०.१ ओहम रोध तयार झाला, तर उष्णता निघते १३ गुणिले १३ गुणिले ०.१, म्हणजे जवळपास १७ वॅट. सॉकेटच्या आत, प्लास्टिकला चिकटून, एक आयर्न लावून ठेवल्यासारखं. "पण याच सॉकेटवर हिवाळ्यात दोन किलोवॅटचा हीटर चालायचा," काका म्हणाले. चालत असेल. अर्धा तास चालायचा, मग कोणीतरी बंद करायचं. गिझर पंधरा मिनिटांत कट होतो, एसीचा कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो. गाडी थांबत नाही. बॅटरी ३० टक्क्यांवर असेल तर १३ अँपिअर सलग नऊ-दहा तास, पहाटेपर्यंत, सगळे झोपलेले असताना. घरातल्या वायरिंगवर एवढा जड आणि एवढा लांब लोड आजवर कुठल्याच उपकरणाने टाकलेला नसतो. त्यामुळे वर्षानुवर्षं खपून गेलेला ढिला स्क्रू गाडी आली की आठवडाभरात उघडा पडतो.

इथपर्यंत हे नेहमीचं प्रकरण होतं. सॉकेट बदला, स्वतंत्र लाइन ओढा, चार्जर लावा. पण माझी एक सवय आहे. कुठलाही पॉइंट काढण्याआधी मी तिन्ही व्होल्टेज मोजतो: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन २३१. तिसरं ०.०.

नवख्याला हे शून्य फार छान वाटेल. मला ते खटकलं. मी काकांना पंप चालू करायला सांगितलं. पंप त्याच लाइनवर, पाचएक अँपिअर घेणारा. बोर्डापासून पंपापर्यंत अंदाजे अठरा मीटर, वायर २.५ चौरस मिलिमीटरची. एवढ्या लांबीच्या न्यूट्रलमधून पाच अँपिअर परत जाताना अर्धा-पाऊण व्होल्ट त्या वायरवर पडतोच पडतो. अर्थच्या वायरमधून तर काहीच वाहत नसतं. म्हणजे पंप चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये तो अर्धा-पाऊण व्होल्ट दिसायलाच हवा. पंप घुमत होता आणि मीटरवर ०.०. म्हणजे या सॉकेटची अर्थ पिन अर्थला जोडलेलीच नव्हती, ती न्यूट्रलला जोडलेली होती.

मेन बंद केला, सॉकेटचे दोन स्क्रू सोडवले, पाहतो तर न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये बोटाच्या पेराएवढा हिरव्या वायरचा तुकडा, दोन्ही टोकं नीट सोलून पिळून बसवलेला. खरी अर्थची वायर मागच्या जॉइंट बॉक्समध्ये तुटून लोंबत होती.

"हा कोणी लावला?"

गाडी आल्याच्या पहिल्या रात्री पोर्टेबल चार्जरचा लाल दिवा लागला होता, चार्जिंग सुरूच होईना. ओळखीतला एक वायरमन बोलावला. त्याने दहा मिनिटांत "अर्थिंगचा प्रॉब्लेम" दूर केला. दिवा हिरवा झाला, सगळे खूश. दिवा हिरवा होणारच होता. तो डबा आपल्या परीने अर्थ आहे की नाही हे तपासतो, आणि न्यूट्रलला जोडलेली अर्थ पिन त्याला उत्तम अर्थ वाटते. डब्याने धोका ओळखून काम थांबवलं होतं, माणसाने त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

आता जळकं टर्मिनल कुठलं होतं ते आठवा: न्यूट्रलचं. मागच्या जॉइंटमध्येही न्यूट्रल नुसती पिळून टेप गुंडाळलेली, टेप कडक होऊन तडकलेली. आणखी काही रात्रींत तो जॉइंट जळून सुटला असता. मग पंप चालू झाला की फेज पंपाच्या वाइंडिंगमधून न्यूट्रलवर, न्यूट्रलवरून त्या तुकड्यातून अर्थ पिनवर, आणि तिथून थेट गाडीच्या पत्र्यावर. टायर रबराचे, म्हणून गाडी नुसती २३० व्होल्टवर उभी. चार्जिंग का थांबलं ते पाहायला कोणीतरी अनवाणी येऊन दाराला हात लावेपर्यंत. पोर्टेबल डब्यातलं लीकेज संरक्षण इथे उपयोगाचं नाही, कारण हा प्रवाह त्याच्या फेज-न्यूट्रलमधून जातच नाही, तो अर्थच्या वायरने उलटा येतो. बोर्डातली आरसीसीबी, म्हणजे वीज गळताना दिसली की लाइन तोडणारं उपकरण, वाचवू शकली असती. पण पंपाची लाइन "सारखी ट्रिप होते" म्हणून कधीतरी आरसीसीबीच्या बाहेर काढून ठेवली होती.

काका बराच वेळ त्या तुकड्याकडे पाहत राहिले. "पण दिवा हिरवा होता हो," एवढंच म्हणाले.

खोक्यातला चार्जर आणि घराची ताकद

भिंतीवरच्या डब्याला आपण चार्जर म्हणतो, पण एसी चार्जिंगमध्ये, म्हणजे घरात येणाऱ्या, दिशा बदलत राहणाऱ्या विजेवर, खरा चार्जर गाडीत असतो. त्या एसीचं डीसी, म्हणजे एकाच दिशेची वीज, करून बॅटरीत भरणारा तो. भिंतीवरचा डबा म्हणजे समजदार स्विच. आत एक कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारा मोठा स्विच), संरक्षणाची सामग्री आणि गाडीशी बोलणारं सर्किट. हे बोलणं आयईसी ६१८५१ या मानकात ठरलेलं आहे आणि मला ते आजही भारी वाटतं. एका बारीक वायरवर १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल जातो. गाडी जोडली की त्याचं १२ व्होल्टचं शिखर ९ वर येतं, गाडी "दे" म्हणाली की ६ वर, आणि तेव्हाच कॉन्टॅक्टर खट्‌कन लागतो. किती अँपिअर घ्यायचे हे त्या सिग्नलच्या रुंदीवरून, म्हणजे तो किती टक्के वेळ वर असतो त्यावरून कळतं. दर टक्क्याला ०.६ अँपिअर, म्हणजे ५३ टक्क्यांना ३२ आणि १० टक्क्यांना ६. सहाच्या खाली ही भाषा जात नाही, तिथे गाडी थांबते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की गाडीतला चार्जर सिंगल फेज ७.२ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर २२ किलोवॅटचा डबा लावूनही गाडी ७.२ च घेणार. काकांना कोणीतरी २२ चा घ्यायला सांगितलं होतं, नशिबाने त्यांनी घेतला नाही. मी तर ७.४ सुद्धा पूर्ण वापरायला तयार नव्हतो.

क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) मेनवर लावून मी घराचा लोड पाहिला. रात्री दोन एसी आणि किरकोळ मिळून १७ अँपिअर. सकाळी दोन गिझर, पंप, इंडक्शन एकत्र आले की ३३. मेन ४० चा. रात्रीच्या १७ मध्ये गाडीचे ३२ मिळवले की ४९. मेन तेवढ्यावर लगेच पडत नाही, पण तापत राहतो, आणि सर्व्हिस केबलही.

वाटा दोन होत्या. मंजूर भार वाढवून घ्यायचा, किंवा घर जेवढं सोडेल तेवढंच गाडीला द्यायचं. दुसऱ्या वाटेसाठी मेनच्या फेजवर एक करंट सेन्सर बसवतात, आणि चार्जर तो वाचून स्वतःला वर-खाली करतो. या चार्जरमध्ये ती सोय होती. मर्यादा ३६ वर ठेवली तर रात्री गाडीला १९ अँपिअर उरतात, म्हणजे सुमारे ४.४ किलोवॅट. ४५ किलोमीटरला गाडी किलोमीटरमागे १५० वॅट-तास धरली तर पावणेसात युनिट, चार्जिंगमधली घट धरून साडेसात. पावणेदोन तासांत भरपाई. मुलीने हे ऐकलं आणि भार वाढवण्याचा अर्ज बाजूला ठेवला. लोकांना चार्जिंगचा वेग ऐकायला आवडतो. गाडी रात्रभर उभीच असते, हे लक्षात आलं की तो हट्ट सुटतो.

केबल, अर्थिंग, आरसीसीबी

मेनपासून चार्जरपर्यंत २६ मीटर. काकांच्या भाच्याने ४ चौरस मिलिमीटरची वायर आणून ठेवली होती, "३२ अँपिअरला चालते" असं दुकानात सांगितलं म्हणून. कागदावर चालते. वायर पाइपमधून, ३० अंश तापमानात, हे गृहीत धरून. इथली पंधराएक मीटर केबल दुपारभर ऊन खाणाऱ्या भिंतीवरून जाणार होती. पीव्हीसी केबलला ४५ अंशाला क्षमतेच्या ०.७९ पट धरायची असते. पाइपमधल्या दोन कोअरच्या ६ चौरस मिलिमीटर केबलची ३८ अँपिअरची क्षमता तिथे ३० वर येते. ती ३२ लाही पुरत नाही. १० चौरस मिलिमीटरची ५२ वरून ४१ वर. एमसीबी ४० चा लावायचा होता, कारण तासन्‌तास ३२ ओढणाऱ्या लाइनला ३२ चा एमसीबी शेजारच्या एमसीबींच्या उबेने उगाच पडतो. अमेरिकेच्या वीज नियमावलीत तर तीन तास किंवा जास्त चालणाऱ्या लोडला सरळ सव्वापट धरायला सांगितलं आहे. ३२ चे ४०. लोड ३२, एमसीबी ४०, केबल ४१: चढता क्रम जेमतेम बसला. व्होल्टेजची घटही दोन टक्क्यांच्या आत राहिली. ४ ची वायर भाच्याला परत करायला लावली. तो नाराज झाला.

अर्थिंगचा खड्डा जुना. टेस्टरवर ३८ ओहम आले. इथे बरेच जण घाबरवतात, "३८? मेलात!" असं म्हणून. हिशोब केला तर गोष्ट वेगळी दिसते. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल तर पत्रा ५० व्होल्टच्या वर जायच्या आत ती पडायला १६०० ओहमसुद्धा चालतात. पण आरसीसीबी नसेल किंवा अडकली असेल, तर फेज पत्र्याला लागल्यावर ३८ ओहममधून जेमतेम ६ अँपिअर वाहतील आणि ४० चा एमसीबी जन्मात पडणार नाही. अर्थिंग जमेल तेवढं सुधारावं म्हणून जमिनीत नवा इलेक्ट्रोड ठोकला आणि जुन्याशी जोडला. ९ ओहम आले. एवढ्यावरही २५-२६ अँपिअरच वाहतील आणि ४० चा एमसीबी पडणार नाही, त्यामुळे खरी भिस्त आरसीसीबीवरच. तोडकीमोडकी अर्थ वायर विसरून चार्जरसाठी केबलबरोबर नवी अर्थ थेट मुख्य अर्थ पट्टीपासून आणली.

आरसीसीबीबद्दल जरा सविस्तर, कारण चुका इथेच होतात. घरात होती ती एसी प्रकारची. तिच्या अंगावर नुसती एक लाट छापलेली असते. गाडीत डीसी आहे, आणि बिघाडात ते थोडं मागे गळू शकतं. सपाट डीसी आरसीसीबीच्या आतल्या गाभ्याला गुंगी आणतं. मग खरी गळती झाली तरी तिला ती दिसत नाही. वाईट म्हणजे गाडीची लाइन घराच्या आरसीसीबीखाली घेतली, तर बाथरूमचं संरक्षणही त्याच गुंगीत जातं. म्हणून गाडीची लाइन मेननंतर लगेच वेगळी काढायची आणि तिला स्वतःची आरसीसीबी द्यायची: एक तर बी प्रकारची, नाहीतर चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी ओळखणारी व्यवस्था असेल तर ए प्रकारची. या चार्जरमध्ये ती व्यवस्था होती, कागदपत्रांत त्या व्यवस्थेच्या आयईसी ६२९५५ मानकाचा उल्लेख पाहून खात्री केली आणि ए प्रकारची ३० मिलिअँपिअरची लावली. पंपाची लाइन परत घराच्या आरसीसीबीखाली घेतली. ती खरंच ट्रिप होत होती. पंपाच्या जोडपेटीत पाणी शिरत होतं. पेटी बदलली.

बसवण्याचा दिवस, आणि माझी चूक

भिंतीवर टांगणं हे सगळ्यात सोपं काम. उंची छातीएवढी, केबल खालून आत, आत शिरण्याआधी तिला एक झोळ, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं. बारीक तारांच्या केबलला फेरूल, म्हणजे टोकावरची धातूची टोपी, चढवून दाबली. टोकं कथलाने माखायची जुनी सवय अनेकांना आहे. कथील दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला होतो, म्हणजे आपण पुन्हा त्या चॉकलेटी पिनपाशी. चार्जर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन पाहिलं, आरसीसीबी टेस्टरने पाडून पाहिली.

गाडी लावली. पडद्यावर घराचा लोड, गाडीचा लोड, मर्यादा ३६, सगळं दिसत होतं. दोन्ही एसी आणि एक गिझर मुद्दाम चालू केला. घर २६. गाडी कमी व्हायला हवी होती. गाडी ३२ वर. मी थर्मल कॅमेरा आणायला स्वतःच्या गाडीकडे गेलो होतो, पडद्यावरचा आकडा नीट वाचलाच नाही. बाराव्या मिनिटाला अख्ख्या घराचा मेन पडला.

सेन्सर मी चुकीच्या जागी अडकवला होता. गाडीची लाइन जिथे फुटते त्याच्या पुढे, फक्त घराकडे जाणाऱ्या फेजवर. चार्जरला एकूण लोड म्हणून नुसतं घरच दिसत होतं. २६ आहेत, ३६ पर्यंत जागा आहे, म्हणून तो आपला ३२ देत राहिला. प्रत्यक्षात मेनमधून ५८ जात होते. सेन्सर मीटरच्या बाजूला, फुटण्याआधीच्या फेजवर हलवला, त्यावरचा बाण घराकडे. या वेळी पडद्यावर विश्वास न ठेवता शेजारी क्लॅम्प मीटर धरला. गिझर लागला, गाडी १० वर आली. इंडक्शन लावलं, गाडी थांबली. बंद केलं, तीसेक सेकंदांनी पुन्हा खट्‌.

मग तासभर एसी बंद ठेवून गाडीला पूर्ण ३२ दिले आणि कॅमेऱ्याने एकेक टर्मिनल पाहिलं. सगळी पन्नाशीच्या आत, एक सोडून: मुख्य न्यूट्रल लिंकवरचा स्क्रू, ७१ अंश. मी लावलेला नव्हता, वर्षानुवर्षांचा तसाच. बंद करून, वायरचं टोक नवीन कापून, टॉर्क स्क्रूड्रायव्हरने आवळलं. पुन्हा तास. ४८.

तीन महिन्यांनी मी सगळी टर्मिनल्स परत तपासायला गेलो. ही फेरी मी कामातच धरतो, कारण नवी केबल तापून-थंडावून थोडी बसते. काहीच सैल नव्हतं. गाडी रोज रात्री एकच्या आधी भरते, मुलगी आता आकडा बघतही नाही. निघताना काकू म्हणाल्या, आलाच आहात तर वॉशिंग मशीनचं बघा. पूर्वी मशीनला हात लावला की झिणझिण व्हायचं. त्याच वायरमनने गेल्या वर्षी दुरुस्त करून दिलं, तेव्हापासून अगदी ठीक आहे.

मी मशीन चालू करायला सांगितलं आणि सॉकेटच्या न्यूट्रल-अर्थमध्ये मीटर लावला. मशीनचा हीटर लागला. ०.०.

काका न बोलता मेन बंद करायला गेले.